उजेड पडला की रेणूचा चुंबक होतो, तो कसा?

राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, ६,००३.६५ कोटी रुपयांची. तेव्हापासून स्पिन, क्यूबिट, क्वांटम सेन्सर असले शब्द पेपरात वरचेवर दिसतात. माझ्याकडं कोल्हापुरात, राजारामपुरीत, बी.एस्सी.ची मुलं रसायनशास्त्राच्या शंका घेऊन येतात. त्यातल्या एकीनं परवा विचारलं, "मॅडम, धातू असलेल्या सेंद्रिय रेणूवर उजेड पाडला की त्याचा चुंबक होतो म्हणे. उजेडाचा आणि चुंबकाचा काय संबंध?"

मी तिला म्हटलं, उद्या येताना कपिलतीर्थ मंडईतून पालकाची एक जुडी घेऊन ये.

पालक, स्पिरिट आणि टॉर्च

पालकाची आठ-दहा पानं खलबत्त्यात कुटली, मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट त्यावर ओतलं आणि पातळ फडक्यातून गाळलं. बाटलीत गर्द हिरवं पाणी उतरलं. खोलीतला दिवा बंद केला आणि नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च बाटलीवर धरला. हिरवं पाणी रक्तासारखं लाल चमकायला लागलं. टॉर्च विझला, लालीही त्याच क्षणी गेली.

हिरवेपणा आहे हरितद्रव्याचा. त्याचा रेणू बघायला चपटा, भाकरीसारखा; कडेनं कार्बन-नायट्रोजनचं कडं आणि बरोबर मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू. अशा कड्याच्या रेणूंच्या घराण्याला पॉर्फिरिन म्हणतात. मधला धातू बदलला की रेणूचा स्वभाव बदलतो: मॅग्नेशियम असेल तर हरितद्रव्य, लोह असेल तर रक्तातलं हीम. धातू असलेला सेंद्रिय रेणू म्हणजे काही परदेशातल्या प्रयोगशाळेतली अद्भुत वस्तू नव्हे. तो आपल्या भाजीत आहे आणि नसानसांत आहे.

आता लाल चमकेचा हिशोब बघू. हरितद्रव्याचं शुद्ध, विरळ द्रावण घेतलं तर उजेड गिळलेल्या रेणूंपैकी साधारण एक तृतीयांशच लाल प्रकाश परत देतात. निम्म्याहून जास्त रेणू काहीच न चमकता दुसरीकडं वळतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत. चुंबक होतात ते हे न चमकणारे रेणू.

खोक्यातला जोड

इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक इवलासा चुंबक असतो. त्याच्या या जन्मजात गुणाला स्पिन म्हणतात. स्पिनला दोनच दिशा असतात, वर किंवा खाली. मग जगातल्या सगळ्याच वस्तू चुंबक का नाहीत? त्याचं उत्तर आपल्या चप्पल लाइनीत मिळतं.

कोल्हापुरी चपलांचा जोड खोक्यात कसा भरतात ते आठवा. एकीचा अंगठा इकडं, दुसरीचा तिकडं. एकाच दिशेनं ठेवल्या तर झाकण लागत नाही. रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचंही तसंच. रेणूत त्यांच्यासाठी ठरावीक खोकी असतात, एका खोक्यात जास्तीत जास्त दोन, आणि तेही उलट्या दिशांनीच. हा नियम वोल्फगांग पाउलीनं १९२५ मध्ये मांडला. एकाचं चुंबकत्व वर, दुसऱ्याचं खाली, बेरीज शून्य. म्हणून लाकूड, कापड, साखर, पालक, यातलं काहीही चुंबकाकडं ओढलं जात नाही.

उजेड काय करतो? जोडातली एक चप्पल उचलून वरच्या फळीवरच्या रिकाम्या खोक्यात टाकतो. ती टाकताना दिशा मात्र तीच राहते, कारण उजेडाला चप्पल उचलता येते, फिरवता येत नाही. या अवस्थेला सिंग्लेट म्हणतात. इथून इलेक्ट्रॉन सरळ खाली उतरला की लाल चमक दिसते. हरितद्रव्यात हा सगळा खेळ काही नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जाव्या भागांत, आटोपतो.

पण आता दोन्ही चपला वेगवेगळ्या खोक्यांत आहेत. उलट दिशेचा नियम एकाच खोक्यापुरता होता. म्हणून वरची चप्पल मधल्या मधे फिरली तर तिला अडवणारं कुणी नाही. फिरली की दोघींचे अंगठे एकाच दिशेला येतात. आता बेरीज शून्य नाही, दोन चुंबक एकमेकांना जोर देतायत. रेणू चुंबक झाला. या अवस्थेचं नाव ट्रिप्लेट, म्हणजे तिहेरी. तिहेरी अशासाठी, की दोन स्पिनांची अशी बेरीज तीन प्रकारे होऊ शकते: दोन्ही वर, दोन्ही खाली किंवा दोन्ही आडवे. चपलेच्या उपमेत हा तिसरा प्रकार नीट बसत नाही, तेवढी तिची मर्यादा सांभाळून घ्या.

यातली मेख पुढं आहे. ट्रिप्लेटमधला इलेक्ट्रॉन घरी परत कसा जाणार? खालच्या खोक्यात शिरायचं तर अंगठा पुन्हा उलटा करायला हवा, आणि फिरणं सोपं नाही. म्हणून तो वरच अडकून पडतो. चुंबक क्षणभरानं संपत नाही, टिकून राहतो.

हे कुणी पाहिलं का, की नुसता हिशोब आहे?

ही शंका रास्त आहे. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच.

अणूंभोवती ठिपके काढून इलेक्ट्रॉन दाखवायची पद्धत आपण अकरावीत शिकतो. ती ज्याची, तो बर्कलीचा गिल्बर्ट लुईस. काही रंगद्रव्यं उजेड बंद केल्यावरही थोडा वेळ चमकत राहतात. ही मागं रेंगाळणारी चमक ट्रिप्लेटमधून येते, असं त्यानं मायकेल काशा याच्याबरोबर १९४४ मध्ये मांडलं. मांडणं सोपं, दाखवायचं कसं? ट्रिप्लेट खरा असेल तर तो चुंबकाकडं ओढला गेला पाहिजे. लुईस आणि मेल्विन कॅल्व्हिननं फ्लुओरेसीन नावाचं रंगद्रव्य बोरिक अॅसिडाच्या काचेत कोंडलं. बोरिक अॅसिड म्हणजे आपण कॅरम बोर्डावर टाकतो ती बोरिक पावडर. वितळवून थंड केली की तिची काच होते. त्या काचेत रेणू जागच्या जागी जखडतात, हवेतला ऑक्सिजनही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तो तुकडा चुंबकाजवळ ठेवून त्यांनी त्यावर प्रखर उजेड सोडला. आधी ओढला न जाणारा तुकडा किंचित ओढला गेला. ही गोष्ट १९४५ची.

लुईस १९४६ मध्ये वारला. त्याच्या नावासह पुढचा शोधनिबंध आला १९४९ मध्ये: चमक आणि चुंबकाची ओढ एकाच वेगानं चढतात आणि एकाच वेगानं मावळतात. एकाच अवस्थेची ही दोन लक्षणं आहेत, हे त्यातून पक्कं झालं. यातला कॅल्व्हिन म्हणजे वनस्पती कार्बन डायऑक्साइडची साखर कशी करतात ते उलगडून १९६१चं नोबेल मिळवणारा, तोच.

वजनाच्या भाषेत ओढ मोजणं फार ढोबळ पडतं. १९४४ मध्ये सोव्हिएत रशियातल्या कझानमध्ये येवगेनी झाव्होइस्कीनं जास्त नाजूक रीत शोधली होती. वस्तू चुंबकात ठेवायची, तिच्यावर मायक्रोवेव्ह सोडायच्या आणि कुठल्या ठिकाणी त्या गिळल्या जातात ते बघायचं. या रीतीला ईपीआर म्हणतात. १९५८ मध्ये हचिसन आणि मँगम यांनी याच रीतीनं ट्रिप्लेट पकडला, तो नॅप्थालीनमध्ये. जुन्या पद्धतीच्या डांबराच्या गोळ्या असतात ना, आजीच्या ट्रंकेतल्या पैठणीत ठेवलेल्या, त्या नॅप्थालीनच्याच.

जवळ चुंबक नसतानाही तीन पायऱ्या

ट्रिप्लेटच्या त्या तीन प्रकारांची ऊर्जा अगदी सारखी नसते. दोन इलेक्ट्रॉन एकाच चपट्या रेणूत राहतात, आणि दोन चुंबक शेजारी ठेवले की ते कसे ठेवलेत यावर त्यांची ओढाताण ठरते: टोकाला टोक लावून, की बाजूला बाजू लावून. म्हणून बाहेरून कसलंही चुंबकीय क्षेत्र लावलं नाही तरी या अवस्थेच्या तीन बारीक पायऱ्या पडलेल्या असतात. नॅप्थालीनमध्ये त्यांच्यातलं अंतर साधारण ३ गिगाहर्ट्झच्या लहरीइतकं, मधे जस्त असलेल्या पॉर्फिरिनमध्ये १ गिगाहर्ट्झच्या आसपास. मोबाइलच्या टॉवरच्या लहरी याच पट्ट्यातल्या असतात.

कड्यावर इलेक्ट्रॉन जितके ऐसपैस पसरलेले, तितके ते एकमेकांपासून लांब, तितक्या पायऱ्या बुटक्या. म्हणजे पायऱ्यांची उंची मोजली की रेणूच्या आत ते दोन इलेक्ट्रॉन किती अंतरावर नांदतायत ते कळतं. रेणू न फोडता त्याच्या घरात डोकावून बघणं आहे हे.

आणखी एक गोष्ट. सिंग्लेटमधून ट्रिप्लेटमध्ये येणारे रेणू तिन्ही पायऱ्यांवर सारखे वाटले जात नाहीत. पंचगंगेच्या घाटावर गर्दीच्या दिवशी ज्या बाजूनं वाट, त्या बाजूच्या पायऱ्या आधी भरतात, तसं. वरची पायरी जास्त भरली तर बाहेरून आलेली मायक्रोवेव्ह गिळली जाण्याऐवजी आणखी जोरदार होऊन बाहेर पडते. या युक्तीवर २०१२ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी खोलीच्या तापमानाला चालणारा मेसर, म्हणजे मायक्रोवेव्हचा लेसर, करून दाखवला. रेणू होता पेंटासीन. त्यात धातू नाही, पण ट्रिप्लेटचं गणित हेच. त्याआधीच्या घन पदार्थाच्या मेसरला प्रचंड थंडी लागायची.

अंगठा फिरवतो कोण?

मुलीनं बरोबर इथंच अडवलं: "उजेड चप्पल फिरवू शकत नाही म्हणालात. मग ती फिरते कशी?"

इथं धातू येतो. जत्रेतल्या पाळण्यात बसलं की आपल्याला वाटतं जमीनच आपल्याभोवती फिरतेय. इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतो, पण इलेक्ट्रॉनच्या जागेवरून बघितलं तर केंद्रकच त्याच्याभोवती घिरट्या घालतंय. केंद्रकावर विजेचा धन भार असतो, आणि वीज गोल फिरली की चुंबक तयार होतो. उद्यमनगरात मोटार रिवायंडिंगच्या कुठल्याही दुकानात जाऊन बघा, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांतून दुसरं काय करतात? म्हणजे इलेक्ट्रॉनला आपल्याच केंद्रकाचं चुंबकीय क्षेत्र जाणवतं, आणि ते क्षेत्र त्याचा अंगठा वळवतं.

केंद्रक जितकं जड, तितका भार जास्त, तितका हा हिसका जबर. कार्बनचा अणुक्रमांक ६, मॅग्नेशियमचा १२, जस्ताचा ३०, पॅलेडियमचा ४६, इरिडियमचा ७७, प्लॅटिनमचा ७८. कडं तेच ठेवून मधे जड धातू बसवला की अंगठा झटकन वळतो. रेणू ट्रिप्लेटमध्ये जातोही लवकर आणि घरी परततोही लवकर. नॅप्थालीनचा ट्रिप्लेट कडक थंडीत दोन-अडीच सेकंद टिकतो. प्लॅटिनम-पॉर्फिरिनचा टिकतो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका. इरिडियमच्या हिरव्या चमकेच्या रेणूचा तर एक-दोन मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे एक-दोन दहा लाखावे भाग.

चुंबकपणाही बदलतो. हलक्या धातूंच्या रेणूत तो जवळजवळ निव्वळ स्पिनचा असतो. जड धातूत इलेक्ट्रॉनच्या भ्रमणाचा चुंबकपणा त्यात मिसळतो. तीन पायऱ्यांमधलं अंतर इरिडियमच्या रेणूत काही हजार गिगाहर्ट्झपर्यंत जातं, आणि रेणू चुंबकासमोर उभा धरलाय की आडवा, यानंही बराच फरक पडतो.

मग रक्त उन्हात का जळत नाही?

ट्रिप्लेटची एक वाईट संगत आहे, ती ऑक्सिजनची. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन साध्या अवस्थेतच ट्रिप्लेट असतो, उजेड न पडताच. द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ओतला तर तिथंच लटकून राहतो, तो याचमुळं. ट्रिप्लेट रेणू आणि ऑक्सिजन भेटले की दोघं एकाच वेळी अंगठे उलटवू शकतात. रेणू शांत होतो आणि त्याची ऊर्जा घेऊन ऑक्सिजन चवताळतो. या चवताळलेल्या ऑक्सिजनला सिंग्लेट ऑक्सिजन म्हणतात. तो जवळचं जे सापडेल ते जाळतो.

आमची पालकाची बाटली खिडकीत ठेवली होती. दोन दिवसांच्या उन्हात ती विटून पिवळट झाली. तीच दुसरी बाटली कपाटात अंधारात हिरवीगार. स्पिरिटात उघड्या पडलेल्या हरितद्रव्यानं ऑक्सिजन चवताळवला आणि त्या ऑक्सिजननं हरितद्रव्याचंच कडं फोडलं. पण शेतातलं पान दिवसभर उन्हात उभं असतं, ते का विटत नाही? पानात हरितद्रव्याला चिकटून कॅरोटीनच्या जातीची द्रव्यं बसवलेली असतात, गाजराला रंग देणारी. ती ट्रिप्लेटची ऊर्जा ऑक्सिजनच्या आधी शोषून घेतात आणि उष्णता करून सोडून देतात. बाटलीत ही शेजारपाजारची सोबत मोडते.

आता रक्त. हीमचं कडं हरितद्रव्याच्या भावकीतलंच. मग उन्हात हात धरला की रक्त ऑक्सिजन चवताळवून आपल्यालाच का जाळत नाही? वाचवतं ते मधलं लोह. लोहाच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनांची खोकी अर्धवट भरलेली असतात, आणि त्यामुळं उजेडानं आलेल्या ऊर्जेला खाली उतरायला पायऱ्याच पायऱ्या मिळतात. सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास सगळं निवून जातं. ट्रिप्लेटला ऑक्सिजन भेटायला सवडच मिळत नाही.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. काही माणसांत जन्मतः कड्यात लोह बसवणारं विकर कमी पडतं. लोह नसलेलं रिकामं कडं रक्तात आणि कातडीत साठत जातं. त्या आजाराला एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया म्हणतात. अशा मुलाला काही मिनिटं उन्हात नेलं तरी हाताची, तोंडाची आग आग होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कित्येकदा काहीच दिसत नाही. त्रास देतो तो डोळ्यांना दिसणारा निळा-जांभळा उजेड, म्हणून काचेच्या खिडकीआडही सुटका नाही आणि साधं सनस्क्रीनही फारसं कामाला येत नाही. आपलं मूल ऊन लागलं की रडतं, म्हणजे नाटक करतं, असं म्हणण्याआधी आईबापांनी ही गोष्ट डोक्यात ठेवावी आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. मधला एक अणू नाही, एवढाच फरक, आणि त्यापायी त्या मुलाला अंगणात खेळता येत नाही.

हाच दुर्गुण औषध म्हणूनही वापरतात. पॉर्फिरिनच्या जातीचं द्रव्य रुग्णाला द्यायचं आणि गाठीवर नेमका लाल उजेड टाकायचा. चवताळलेला ऑक्सिजन तिथल्या तिथंच जाळपोळ करतो. या उपचाराचं पहिलं औषध कॅनडात १९९३ मध्ये मंजूर झालं.

याला टाचणी चिकटेल का?

नाही. लोखंडी चुंबकात अब्जावधी अणू एका शिस्तीत, एका दिशेला तोंड करून उभे असतात. ट्रिप्लेट झालेले रेणू मात्र एकेकटे, विखुरलेले, आणि त्यांचा चुंबकपणा घटकाभराचा. खोलीच्या उबेनं त्यांच्या दिशाही भिरभिरत असतात. टाचणी उचलायची ताकद त्यात नाही, पण नाजूक उपकरणाला ओळखू यावा असा खुणेचा आवाज मात्र आहे. चुंबकीय पाणी, चुंबकीय गाद्या विकणारे या विज्ञानाचं नाव घेतील तर त्यांना दारातूनच परत पाठवा.

दुसरी शंका रेडियमच्या स्टिकरची. छताला चिकटवलेल्या चांदण्या रात्री चमकतात, तो ट्रिप्लेट का? तोही नव्हे. तिथं धातूंच्या क्षारांच्या खड्यांत इलेक्ट्रॉन फटींमध्ये अडकून पडतात आणि हळूहळू सुटतात. चमक तशीच रेंगाळते, पण कारण वेगळं.

तुमच्या खिशातला ट्रिप्लेट

ओएलईडी पडद्याचा मोबाइल असेल तर हा लेख तुम्ही बहुधा ट्रिप्लेटच्या उजेडात वाचताय. तिथं वीज दोन बाजूंनी येते आणि इलेक्ट्रॉनांच्या जोड्या आपोआप जुळतात. चार प्रकारांपैकी एक सिंग्लेट, तीन ट्रिप्लेट. साध्या सेंद्रिय रेणूत ट्रिप्लेट चमकत नाही, म्हणजे चारातले तीन वाया. १९९८ मध्ये अमेरिकेत थॉम्पसन आणि फॉरेस्ट यांच्या गटानं त्यात प्लॅटिनम-पॉर्फिरिन मिसळलं. जड धातूनं अंगठा वळवला आणि वाया जाणारे तीन भाग लाल उजेड होऊन बाहेर पडायला लागले. पुढच्याच वर्षी इरिडियमचा हिरवा आला. लाल आणि हिरव्या ठिपक्यांत आता असेच धातूचे रेणू असतात. निळ्याचं घोडं मात्र बरीच वर्षं अडलं, कारण निळ्या ट्रिप्लेटमध्ये इतकी ऊर्जा साठते की रेणू स्वतःच तुटायला लागतो.

प्लॅटिनम आणि पॅलेडियमची पॉर्फिरिनं आणखी एक काम करतात. ऑक्सिजन भेटला की त्यांची चमक विझते, तर चमक किती लवकर विझली त्यावरून ऑक्सिजन किती ते मोजता येतं, जिवंत पेशींतसुद्धा. क्वांटम सेन्सरची आशा आहे ती पायऱ्यांवर: उजेडानं स्पिन एका ठरलेल्या पायरीवर बसवायचा, मायक्रोवेव्हनं हलवायचा आणि जवळच्या चुंबकीय क्षेत्रानं तो किती ढळला ते वाचायचं. क्वांटम मिशनमधलं सेन्सरचं केंद्र आयआयटी मुंबईकडं आहे.

तिसरी बाटली

मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, स्वतःहून. तिचा प्रश्न होता, "मधला धातू मीच बदलला तर?"

आम्ही हिरव्या पाण्यात व्हिनेगरचे थेंब टाकले. रंग मळकट शेवाळी झाला, पालकाच्या भाजीत टोमॅटो घातला की होतो तसा. आंबटानं मॅग्नेशियम बाहेर पडतं. मग त्यात मोरचुदाचा चिमूटभर चुरा टाकला आणि बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली, गॅसपासून लांब, कारण स्पिरिट पेट घेतं. मोरचूद विषारी, त्यामुळं भांडंही स्वयंपाकाचं नव्हतं. थोड्या वेळानं हिरवा रंग परतला, आधीपेक्षा झगझगीत. रिकाम्या कड्यात तांबं जाऊन बसलं होतं.

दिवा बंद करून तिनं टॉर्च धरला. लाल चमक नाही. तांब्याजवळ स्वतःचा एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, जोड नसलेला. दोन चपलांच्या जोडात तिसरी शिरली की सिंग्लेट आणि ट्रिप्लेट यांच्यातला बांधच राहत नाही, आणि ऊर्जा बघता बघता उष्णता होऊन जाते. चमकायला सवड नाही, ऑक्सिजन चवताळवायलाही नाही.

ती बाटली आम्ही खिडकीत ठेवली, विटलेल्या बाटलीच्या शेजारी, त्याच उन्हात. आज पाचवा दिवस. हिरवीच आहे.